मुलांची ७० एमएम दुर्बीण: सहा महिने वापरून

लेकीच्या आठव्या वाढदिवसाला ही दुर्बीण ऑनलाइन मागवली, ७० एमएमची लेन्स, ७०० एमएम फोकल लेंथ (लेन्सपासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर), सहाएक महिने झाले वापरतोय तेव्हा आता लिहायला हरकत नाही. ब्रँडचं नाव देत नाही, असलाच माल बऱ्याच नावांनी मिळतो.

आधी खोक्यावरच्या थापा. ठळक अक्षरात ५२५ पट लिहिलंय, शेजारी रंगीबेरंगी तेजोमेघांचे फोटो, तसलं काहीही ह्यातून दिसत नाही. ४ एमएमचा आयपीस (डोळ्याकडचं छोटं भिंग) लावायचा, त्याला ३ पटीचा बार्लो (पट वाढवणारं जादा भिंग) जोडायचा की कागदावर ५२५ होतात, पण लेन्स जितक्या एमएमची त्याच्या दुप्पट पटीपर्यंतच चित्रात काही अर्थ असतो, म्हणजे इथे १४०, त्यापुढे फक्त मोठं आणि धुरकट. बार्लो आणि ४ एमएमचा आयपीस मी पिशवीत बांधून कपाटात टाकलेत. खरं काम २५ एमएमचाच आयपीस करतो, २८ पट. हवा चांगली असेल तर १० एमएमचा, ७० पट.

पहिल्या रात्री चंद्र लावला, अर्धा होता, आणि पौर्णिमेपेक्षा अर्धाच बघा कारण प्रकाश तिरका पडतो आणि खड्ड्यांच्या सावल्या उठून दिसतात. लेक पूर्ण एक मिनिट गप्प होती, आमच्या घरात हा विक्रम आहे. मग सुरू. झेंडा कुठाय? म्हटलं अगं ह्या लेन्समधून चंद्रावरचं तीन-चार किलोमीटरपेक्षा लहान काही दिसतच नाही. तर म्हणे मग तिथे तीन किलोमीटरपेक्षा लहान माणसं राहत असतील तर?

आता काय बोलणार. सांगितलं की १९६९ ते १९७२ मध्ये बारा जण तिथे चालून आलेत, हवा नाही, कुणी भेटलं नाही. पण चिकटून काही आलं असेल तर, बाबा? हा प्रश्न मला वेडगळ वाटला होता, पण नासालाही हीच धास्ती होती, अपोलो ११ चे तिघं परत आल्यावर त्यांना, चंद्रावरून निघाल्यापासून एकवीस दिवस भरेपर्यंत, वेगळं कोंडून ठेवलं होतं! हे सांगितल्यापासून मॅडमचा भाव वाढलाय.

गुरूसाठी मात्र मी दुर्बिणीला पैकीच्या पैकी देईन. २८ पटीतसुद्धा छोटीशी चकती आणि बाजूला एका रेषेत चार ठिपके, म्हणजे त्याचे चंद्र, दुसऱ्या दिवशी बघावं तर ठिपक्यांच्या जागा बदललेल्या. लेकीने वहीत आठ दिवस रोज चित्र काढलं, गॅलिलिओने १६१० मध्ये हेच केलं होतं हे मी तिला नंतर सांगितलं, आधी सांगितलं असतं तर गृहपाठ वाटला असता. त्यातला एक ठिपका युरोपा, वर बर्फ आणि खाली बहुतेक खारा समुद्र. मासे असतील का? माहीत नाही, पण तिथे जीव जगू शकेल अशी परिस्थिती आहे का ते बघायला युरोपा क्लिपर नावाचं यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय, २०३० मध्ये पोचेल. बर्फ फोडणार का मग? नाही, पन्नासेक वेळा जवळून उडत जाणार. 'एवढ्या लांब जाऊन उतरणार पण नाही?' असं म्हणून तिने माझ्याकडे असं बघितलं जसं काही प्लॅन मीच केलाय.

शनी ७० पटीत डाळीच्या दाण्याएवढाच दिसतो पण कडं दिसतं. इथे मी शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाची गोष्ट काढली, यानातलं इंधन संपत आलं तेव्हा २०१७ मध्ये ते मुद्दाम शनीतच घालून संपवलं, कारण ते पुढेमागे एन्सेलाडस किंवा टायटन ह्या शनीच्या चंद्रांवर आदळलं असतं तर आपल्याकडचे जंतू तिकडे गेले असते. म्हणजे तिथे कुणी असेल तर त्यांना आपल्यामुळे सर्दी नको? साधारण तसंच, म्हटलं. मला स्वतःला हे इतक्या सोप्या भाषेत कधी सुचलं नसतं.

ताऱ्यांवर ती जाम वैतागली, कितीही झूम करा ठिपका तो ठिपकाच. मग एम१३ नावाचा तारकागुच्छ दाखवला, कापसाचा पुसट बोळा दिसतो, पण १९७४ मध्ये अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून तिकडे कुणी असेल तर म्हणून त्याच दिशेने संदेश पाठवलाय आणि अंतर २५ हजार प्रकाशवर्षं. उत्तर कधी येणार? लगेच लिहिलं तरी पन्नास हजार वर्षांनी. 'जवळ कुणी राहत नव्हतं का?' मग व्हॉयेजर यान दाखव म्हणून हट्ट. ते कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही, पण १९७७ मध्ये निघालेल्या त्या दोन्ही यानांवर, परग्रहावरच्या कुणाला सापडली तर म्हणून ठेवलेल्या तबकडीत केसरबाई केरकरांचं गाणं आहे आणि मराठीत नमस्कारसुद्धा आहे हे ऐकून ती खूश. त्यांना मराठी येतं का, हे विचारायला विसरली नाही.

सोबत एक प्रश्नोत्तरांची पुस्तिका येते, ती रद्दीत द्या. परग्रहावर जीवसृष्टी आहे का, तर उत्तर एका ओळीत, 'अजून पुरावा नाही', आणि पुढच्या पानावर प्लूटो नववा ग्रह. २००६ पासून नाहीये हो.

एक गोष्ट मात्र सिरियसली घ्या. खोक्यात आयपीसला लावायचा सन फिल्टर दिलाय, तो पहिल्या दिवशी फेकून द्या, उष्णता तिथेच गोळा होते, काच तडकली की डोळा गेला. सूर्याकडे दुर्बीण वळवायचीच नाही, आणि दिवसा पोरांच्या हाती एकटी द्यायची नाही.

फाइंडर (नेम धरायला नळीवर बसवलेला) प्लास्टिकचा आहे, दिवसाउजेडी लांबच्या टॉवरवर जुळवून घ्या म्हणजे रात्री चिडचिड होत नाही. ट्रायपॉड भिकार. पाय पूर्ण लांब केले की नुसत्या श्वासाने थरथरतो आणि वरचा स्क्रू कितीही आवळा, हळूहळू नळी खाली झुकते. पाय कमी लांब करून, मध्ये पाण्याची भरलेली बाटली टांगली की बरंच सुधारतं. पाचपैकी साडेतीन स्टार, कापलेला दीड सगळा ट्रायपॉडचा.

परवा तिने नऊ वाजता गुरूकडे बघून हात हलवला. मग हिशोब, उजेड जायला चाळीसेक मिनिटं, यायला तेवढीच, म्हणजे तिकडून कुणी उलटा हात केला तर सव्वादहा-साडेदहाला दिसेल. झोपायला तयार नाही. साडेदहाला डोळा लावला तर पृथ्वी आपली फिरलेली, नळी खाली झुकलेली आणि गुरू गायब. मी स्क्रूला शिव्या घालत होतो आणि ही मागून म्हणते, 'बाबा, ते निघाले वाटतं इकडे यायला.'