१९५० चा शेव्हरोले ट्रक आणि मुद्दाम जुना केलेला रंग: नऊ महिन्यांनंतर

आम्ही अ‍ॅरिझोनात टूसॉनला राहतो. आमचा ट्रक १९५० चा शेव्हरोले ३१००, म्हणजे पुढे गोलसर बॉनेट आणि मागे लाकडी फळ्यांच्या तळाचा हौदा असलेला. रंग त्या वर्षीचा नेहमीचाच, फॉरेस्टर ग्रीन. टप, बॉनेट आणि उजवी बाजू अजून मूळ रंगातच आहे. डावं मडगार्ड आणि ड्रायव्हरचं दार मात्र आधीच्या मालकाने कसल्यातरी धडकेनंतर बदललेलं. माणूस जाणकार असावा, कारण त्याने दार १९५० किंवा त्याआधीचंच शोधलं होतं. १९५१ पासून दाराच्या काचेपुढे छोटी तिकोनी खिडकी आली, तसलं दार बसवलं असतं तर लगेच ओळखू आलं असतं. रंग मात्र त्याने दिलाच नाही. दोन्ही पत्रे नुसत्या राखाडी प्रायमरमध्ये होते.

सगळा ट्रक खरवडून नवा रंग मारा, असा सल्ला भरपूर मिळाला. माझं मन झालं नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षं उन्हात उभा राहून जो रंग तयार झालाय, तो एकदा खरवडला की गेला. म्हणून उलट केलं. जुन्याला हात लावला नाही, नव्या पत्र्यांना जुन्याच्या वयाचं केलं.

पहिला प्रयत्न वाया गेला. दार एका रंगाच्या दुकानात दिलं. तिथे मिठाची पद्धत वापरतात. आधी गंजाच्या रंगाचा थर, तो वाळला की पाणी शिंपडून जाडं मीठ टाकायचं, त्यावर वरचा रंग मारायचा, आणि सुकल्यावर मीठ घासून काढायचं. मीठ निघतं तिथे पोपडा उडाल्यासारखा खालचा तपकिरी दिसतो. पद्धत चांगलीच आहे. पण त्यांनी बर्फीवर चारोळी पेरावी तसं दारभर सारखं मीठ पेरलं. लांबून दार पुरळ उठल्यासारखं दिसायचं. पैसे गेले, दार परत प्रायमरवर आणलं आणि पुढचं काम मित्राबरोबर घरीच केलं.

सुरुवात करण्याआधी दोन रविवार आम्ही उजव्या दारासमोर नुसते बसून होतो. त्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. झिजेला कारण असतं. जिन्याचा कठडा जिथे हात पडतो तिथेच गुळगुळीत होतो, तसंच इथे. बॉनेटवर आणि मडगार्डच्या माथ्यावर ऊन सरळ पडतं, तिथे हिरवा पार विरून खालचा तपकिरी आलाय. टपाच्या पन्हळीखाली दोन बोटं जागा सावलीत राहते, तिथला हिरवा आजही गडद आहे. हँडलच्या मागे नखांनी आणि अंगठीने पडलेला अर्धगोल आहे. आणि टूसॉनचा ट्रक असल्याने दाराचा खालचा काठ जवळपास शाबूत! मिशिगनकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या गाड्या खालून वर सडतात. इथे ऊन वरून खाली खातं. वाळवंटातल्या ट्रकला खालून गंज दाखवला तर तो खोटा दिसणारच.

थर असे दिले: इपॉक्सी प्रायमर, त्यावर स्पंजाने थोपटलेले गेरू आणि कॉफीच्या रंगाचे तीन-चार तपकिरी, मग काळपट प्रायमरचा हलका फवारा, मग हिरवा. नंतर पाणी लावून ६०० चा पॉलिश पेपर, शेवटी १०००. जोर हाताच्या तळव्याचा, बोटांचा नाही. बोटांनी घासलं की पट्टे उठतात. तपकिरी उघडा पडायच्या आधी काळ्याची केसाएवढी कड दिसते. ती कड राहिली पाहिजे, खरेपणा तिच्यात आहे. मीठ फक्त मडगार्डच्या माथ्यावर चिमूटभर वापरलं. उघडा दिसणारा तपकिरी हा रंगच असल्याने पत्रा कुठेच उघडा नाही. व्हिनेगर आणि मिठाने खराखुरा गंज चढवणारेही आहेत, पण तो गंज आत काम करत राहतो. मी ते करणार नाही.

वर मॅट क्लिअर, म्हणजे चमक नसलेला पारदर्शक थर मारला, तो मात्र दुकानातून करून घेतला. त्याच्या हार्डनरमध्ये (थर कडक करणाऱ्या द्रवात) आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय ते फवारू नये. घरी साध्या मास्कवर कुणी करत असेल तर कृपया थांबा.

आता नऊ महिन्यांचा हिशोब. कोरड्या दिवशी दहा पावलांवरून कोणती बाजू नवी हे कुणी सांगू शकलेलं नाही. उन्हाळा चाळिशीच्या वर गेला, रंग कुठे फुगला नाही की सुटला नाही. खरी परीक्षा जुलैत झाली. इथेही पावसाळ्याला मान्सूनच म्हणतात. पहिल्या सरीत बॉनेट काळ्याभोर हिरव्या रंगाचं झालं आणि दार होतं तसंच फिकट राहिलं. जुन्या इनॅमल रंगातला बांधून ठेवणारा भाग उन्हाने जळून जातो आणि वर खडूसारखी भुकटी उरते. ती भुकटी पाणी पिते आणि गडद होते. क्लिअरखालचा रंग पाणी पिणार कसा? बॉनेटवर बोट फिरवलं तर हिरवं लागतं, दारावर काहीच लागत नाही. अर्ध्या तासात सगळं वाळून परत एक झालं, पण मला ते फार लागलं.

दुसरी गोष्ट कोपराची. खिडकीच्या काठावर मी खोटी झीज केली होती, माझं कोपर प्रत्यक्षात तिच्या चार बोटं मागे टेकतं. तिथे मॅट क्लिअर घासून तुकतुकीत झालंय. मॅटला पॉलिश चालत नाही, वॅक्स चालत नाही, एकदा चमक आली की ती जागा पुन्हा मॅट करायची तर क्लिअरच परत मारावं लागतं. मी ते करणार नाही. ती या ट्रकवरची माझी स्वतःची झीज आहे. इथलं पाणी जड, थेंब वाळले की पांढरे डाग पडतात, म्हणून धुतल्यावर लगेच पुसायचं. ब्रशवाल्या वॉशमध्ये कधीच नेत नाही.

दारावर एखाद्या जुन्या पेट्रोल पंपाचं किंवा डेअरीचं विरलेलं नाव काढून घ्यायची इथे फार हौस आहे. मलाही सुचवलं. रंगाला रंग जुळवणं मला पटतं, न घडलेला धंदा दारावर लिहिणं पटत नाही. मडगार्ड आणि दार बदललेलं आहे, हे कामाच्या फोटोंसकट ट्रकच्या कागदांत ठेवलंय, पुढे ज्याच्याकडे जाईल त्याला कळावं.

आता फाळका राहिलाय. तोही कधीतरी बदललेला, उठावाची शेव्हरोलेची अक्षरं त्यावर आहेत. त्याला क्लिअर मारणार नाही. इपॉक्सीवर साधा एकथरी हिरवा इनॅमल, उंच अक्षरांच्या कडा १००० ने हलक्या उघड्या करायच्या आणि पुढचं उन्हावर सोडायचं. भुकटी यायला काही वर्षं लागतील. तोवर पावसात मागून तो वेगळा दिसेल, दिसू दे.