सतारीसाठी तबल्याची पुडी: महाद्वार रोडमागचं एक दुकान

मी सतार वाजवते. साथीला येणाऱ्याला दरवेळी जड जोडी उचलून आणायला लावणं बरं दिसत नाही, म्हणून घरी तबला-डग्गा ठेवलाय. जुलैच्या पावसात तबल्याचा सूर उतरला तो उतरलाच. ठोकून ठोकून गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) पार खाली गेले तरी काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, येईना. शेवटी नवी पुडी, म्हणजे तबल्यावर ताणलेलं कातडं, बसवायला कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीतलं हे दुकान गाठलं. दहा बाय दहाची खोली, छतापर्यंत रचलेली तबल्याची लाकडी खोडं आणि गिऱ्हाइकाला बसायला एक पोतं.

दुकानाच्या काकांनी माझ्या तबल्याचं खोड हातात घ्यायच्या आधीच विचारलं, "ताई, भजनाला का सतारीला?"

तिथंच मी निम्मी खूश झाले. भजनात टाळांच्या वर आवाज निघाला की काम भागतं. सतारीच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारा, मात्र जुळत्या सुराला आपोआप बोलतात. तबला केसभर उतरलेला असला तर त्या गप्प बसतात आणि कान टोचायला लागतो. मसीतखानी गत, म्हणजे सतारीवरची संथ बंदिश, बाराव्या मात्रेवरून उठते, त्यामुळे सोळा मात्रांच्या तीनतालाचा प्रत्येक 'ना' (तबल्याच्या काठावरचा बोल) उघडा पडतो. शेवटच्या जलद झाल्यात उलटं. चिकारीच्या उंच तारा सारख्या छेडल्या जातात, त्यांच्यातून तबल्याची चाट (काठावरचा आघात) टोकदार निघाली पाहिजे. काकांनी तबल्याचं तोंड मोजलं, साडेपाच इंच. "काळी एकला झकास बसंल, पांढरी दोनला ओढू नका," म्हणाले.

शाई, म्हणजे पुडीवरचा काळा गोल, त्यांनी दुकानातच भरली. लोखंडाची पूड आणि खळ यांचा पातळ थर द्यायचा, दगडानं घोटायचा, मग पुढचा थर. घोटून शाईत बारीक भेगा पडतात, त्यामुळेच ती मोकळी कंप पावते. मी पोत्यावर बसून बघत होते आणि चहा दोनदा आला.

आता तक्रार. शुक्रवारचा वायदा होता, तबला मिळाला पुढच्या बुधवारी. फोन उचलतच नाहीत. गेले तर म्हणे, "शाई वाळंना झालीया ओ, शेगडीवर धरली तर फुटंल." कारण पटलं, पण एक फोन करायला काय जातं? पुडीचे बाराशे घेतले. डग्ग्याच्या वाद्या (कातडी पट्ट्या) आवळून दिल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत. डग्गा आता घुमारा छान धरतो.

नवी पुडी सुरुवातीला उतरतेच. वाजवून बसल्यावर परत नेला, तेव्हा वाद्यांमधली सोळाही घरं एकेक तपासून गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हातोडी मारत सूर सारखा करून दिला, फुकट. साथीदारानं तीनतालाचं एक आवर्तन वाजवलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तो सहसा कौतुक करत नाही.

सतारीची जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून आवाज नीट करायला, मात्र मी मिरजेलाच जाते. तिथल्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तंतुवाद्याचा हात तिथलाच. काका सतारीला हात लावत नाहीत, तसं स्पष्ट सांगतातही.

जाणाऱ्यांनी मंगळवार-शुक्रवार टाळावा, अंबाबाईच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही. पैसे रोख न्या. क्यूआर कोड भिंतीवर आहे, पण तो मुलाच्या फोनचा आहे आणि मुलगा दुकानात कधी सापडत नाही.