नागपुरात ऑल-व्हील ड्राइव्ह: लांब डिक्कीची इस्टेट, ग्रँड विटारा की साधी इनोव्हा?

घरात पाच माणसं, काटोलकडे संत्र्याचं वावर, वर्षातून एकदोन वेळा पुणे आणि पावसाळ्यात चिखलदरा. असं घर गाडी घ्यायला निघालं की कोणीतरी "चारही चाकं ओढणारीच घ्या" असा सल्ला देतोच. सल्ला देणाऱ्याला टायर बदलायचे नसतात. म्हणून पैसे मोजण्याआधी तीन पर्याय समोरासमोर ठेवून पाहू: सेकंडहँड ऑल-व्हील इस्टेट (सेडानसारखी बुटकी, पण छत थेट डिक्कीवर नेलेली गाडी), मारुतीची नवी ग्रँड विटारा ऑलग्रिप (ऑलग्रिप म्हणजे चारही चाकं ओढणारी; टोयोटाची हायरायडर म्हणजे आतून तीच गाडी) आणि दोनच चाकांवर चालणारी इनोव्हा.

आधी इस्टेटचं बघू, कारण मन तिच्यावरच जडतं. आपल्याकडे हा आकार कधी रुजला नाही. टाटा इस्टेट, बलेनो अल्टुरा, इंडिगो मरीना, ऑक्टाव्हिया कॉम्बी सगळ्या आल्या आणि गेल्या. अमेरिकेतला भाचा ज्या सुबारूचं कौतुक सांगतो ती कंपनी इथे स्वतःच्या नावाने आलीच नाही. तिची फॉरेस्टर काही वर्षं शेवरोलेचा बिल्ला लावून विकली गेली. आज चांगल्या अवस्थेतली ऑल-व्हील इस्टेट शोधायची तर मुख्यतः दोनच नावं हाती लागतात: २०१७ साली ६० लाखांना आलेली व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्री आणि २०१८ सालची ७५ लाखांची मर्सिडीज ई-क्लास ऑल-टेरेन. दोन्ही डिझेल, आणि या किमती शोरूमच्या. आता जुन्या बाजारात त्या बऱ्याच खाली उतरल्या आहेत आणि मोह होतो तो इथेच. गाडीचा भाव उतरला तरी तिच्या सुट्या भागांचा उतरत नाही.

चालवायला मात्र इस्टेटला तोड नाही. समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा आहे. त्या वेगात उंच एसयूव्ही बाजूच्या वाऱ्याने हलते तेव्हा ही जमिनीला धरून जाते. व्होल्वोची डिक्की ५६० लिटर, विटाराची ३७३. शिवाय इस्टेटच्या डिक्कीचा ओठ खाली असतो. संत्र्याचे कॅरेट छातीपर्यंत उचलावे लागत नाहीत, आणि कंबर धरलेल्या माणसाला यातला फरक पहिल्याच दिवशी कळतो.

पण ऑल-व्हील ड्राइव्हची गरज समृद्धीवर पडत नाही. सिमेंटच्या कोरड्या, सरळ रस्त्यावर चारही चाकं ओढली काय नि दोन ओढली काय, सारखंच. ब्रेक लावल्यावर तर ही यंत्रणा काहीच मदत करत नाही, कारण थांबवायला प्रत्येक गाडीला चारच चाकं असतात. गरज पडते ती वावरात जाणाऱ्या पांदण रस्त्यावर, मृग बरसल्यावर. तिथेही एक गोष्ट लोक विसरतात. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांमध्ये अशी बसते की टायर गुळगुळीत होऊन जातो. मग चारही गुळगुळीत चाकं एकाच वेळी जागच्या जागी फिरतात. रस्त्याचे टायर असलेली ऑल-व्हील गाडी थोड्या ओल्या चढावर, ओल्या गवतावर, मुरमाच्या कडेवर नक्की निघते. गुडघाभर गाऱ्यात ती फक्त थोडी पुढे जाऊन रुतते. शेतरस्त्यांच्या मातोश्री योजनेतून तुमच्या पांदणीवर मुरूम पडला असेल तर हा प्रश्न अर्धा तिथेच मिटला.

पुराचा मुद्दाही लोक याच खात्यात घालतात. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत कित्येक गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा पाण्यात गाडी किती चाकांवर चालते याला अर्थ नसतो. पाणी हवेच्या वाटेने इंजिनात शिरलं की संपलं. त्यासाठी विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घ्या, कुठलीही गाडी असो.

आता खरा विषय, म्हणजे सांभाळायचं कसं. ऑल-व्हील गाडीत चारही टायर एकाच मापाचे, एकाच मेकचे आणि साधारण सारखे झिजलेले लागतात. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर असते. एक टायर फुटला आणि बाकीचे अर्धे झिजलेले असतील, तर नवा टायर घेराने मोठा पडतो. पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगात कायमचा फरक येतो आणि पुढची-मागची चाकं जोडणारा मधला भाग, म्हणजे कपलिंग, विनाकारण तापत राहतो. म्हणजे एक टायर फुटला की निदान जोडी, बऱ्याचदा चारही. इनोव्हात तुम्ही एकच घेऊन वेळ मारून नेता. त्यात नागपूरचा मे महिना. ४५ अंशांत रबर वयाआधी म्हातारं होतं, खाच उरली तरी बाजूला तडे जातात. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचायला शिका: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. समृद्धीवर जाण्याआधी हवा थंड टायरमध्ये तपासा. हे ऑल-व्हील असण्यापेक्षा कितीतरी जास्त जीव वाचवतं.

दुसरं तेल. मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी) आणि कपलिंगचं. व्होल्वोत हे कपलिंग हॅल्डेक्स प्रकारचं आहे, म्हणजे पंपाने तेलाचा दाब देऊन मागची चाकं जोडणारं. त्याच्या पंपाला बारीक जाळी असते, ती गाळाने बुजते आणि मागची चाकं गुपचूप ओढणं सोडून देतात. चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण गाडी पुढच्या चाकांवर छान पळत असते. इंजिन ऑइल बदललं की सर्व्हिस झाली असं मानणाऱ्या गॅरेजमध्ये ही जाळी कोणी उघडत नाही. बिलात कपलिंगच्या तेलाची ओळ दिसली नाही तर ते काम झालेलं नाही असं समजा. मर्सिडीजची हवेची सस्पेन्शन हा वेगळाच खर्च आहे: रबरी फुगे, उन्हात वाळणारे. व्होल्वोत मागे तशी सस्पेन्शन आहे का, तेही खाली वाकून बघा.

ऑलग्रिप या बाबतीत बरीच सोशिक. रोज पुढच्या चाकांवर चालते, घसरली की मागची जोडली जातात. ऑटो, स्पोर्ट, स्नो, लॉक असे चार पर्याय. नागपुरात स्नोचं बटण बघून हसू येतं, पण रुतलात तर लॉक लावा, तो त्यासाठीच आहे. जमिनीपासून उंची २१० मिलिमीटर. इंधनाचा दंड ठाऊक असावा: सुरुवातीच्या मॅन्युअल गिअरच्या गाड्यांत कंपनीचा आकडा साध्या विटाराला लिटरमागे २१.११ किलोमीटर होता, ऑलग्रिपला १९.३८. आणि १४६२ सीसीचं हे इंजिन पाच माणसं नि सामान घेऊन चिखलदऱ्याच्या घाटात धापा टाकतं, हे खरंच. जोर हवा असेल तर महिंद्राच्या एक्सयूव्ही७००सारखी डिझेल ऑल-व्हील बघा, पण मग बजेट बदललं. मारुतीचा मिस्त्री मात्र उमरेडलाही सापडतो, हा गुण कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

इनोव्हाबद्दल थोडक्यात. हायक्रॉस पुढच्या चाकांवर चालते, क्रिस्टा मागच्या. ओल्या मातीत रिकामी क्रिस्टा मागून झोके घेते, हायक्रॉस त्या मानाने शहाणी. तिसरी रांग दुमडली की डिक्की इस्टेटलाही भारी पडते. वावर वर्धा रोडला लागून असेल, किंवा पावसात तुम्ही दुचाकीच नेत असाल, तर हीच घ्या.

बजेट लहान आणि हौस खरी असेल तर रेनोची जुनी डस्टर ऑल-व्हील डिझेल विसरू नका. तिला मागे स्वतंत्र सस्पेन्शन होती, साध्या डस्टरला नव्हती. पण ती आता वयात आली आहे. पंधरा वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर हे धरूनच हिशेब करा.

माझं मत विचाराल तर असं: पावसाळ्यात महिन्यातून दोनचारदा काळ्या मातीत गाडी न्यावीच लागत असेल तर ऑलग्रिप. नाही तर हायक्रॉस, आणि तिला उत्तम टायर. इस्टेट घरात दुसरी गाडी असेल तरच.

तरीही इस्टेटवरच जीव अडकला असेल, तर दिल्लीहून आलेली स्वस्त गाडी बघताना एनओसी (तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र) आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरून भाव काढा. तिकडे दहा वर्षांच्या डिझेलवरच्या निर्बंधांच्या धास्तीने त्या गाड्या स्वस्त दिसत आल्या आहेत. रिकाम्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. गाडी आखडत, धक्के देत फिरली तर कपलिंग किंवा टायर गडबडलेत. मग पुढची चाकं सैल वाळूत घालून निघायचा प्रयत्न करा आणि मागची चाकं फिरतात का ते बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगा. ऑल-व्हील गाडी वाटेत बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढणारी टोइंग चालत नाही, सपाट ट्रकच लागतो. तो नंबर विमा घेतानाच विचारून ठेवा. आणि चारही टायरांवरचे आकडे वेगवेगळे निघाले, तर नव्या चार टायरांची किंमत तिथेच भावातून कापून घ्या.