चढासाठी काय बदलावं : गिअर, सायकलचं वजन की मोटर?

चढावर दम निघाला की सायकलस्वाराच्या मनात तीन विचार येतात. सायकल जड आहे, हलकी घ्यावी. गिअर पुरत नाहीत, ते बदलावेत. नाहीतर सरळ मोटरची सायकल घ्यावी. त्याआधी येणारा विचार मात्र बहुतेकदा ‘माझ्यातच दम नाही’ हाच असतो, आणि तो बहुतेकदा चुकीचा असतो. या विचारापायी कितीतरी जणांनी घाटरस्त्यांचा नाद सोडलेला मी पाहिला आहे, म्हणून हा आढावा जरा सविस्तर लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगतो. दहापैकी आठ जणांनी आधी गिअर बघावेत. मोटर कुणाला खरोखर उपयोगी आहे, ते पुढे येईलच. वजनाचा नंबर शेवटी.

चढावर ताकद कुठे जाते

सपाट रस्त्यावर आपण मुख्यतः वाऱ्याशी झगडतो, चढावर स्वतःच्या वजनाशी. ८ टक्के चढ म्हणजे १०० मीटर आडवं अंतर कापताना ८ मीटर उंची गाठायची. समजा स्वार ७५ किलोचा आहे आणि सायकल १२ किलोची, म्हणजे एकूण ८७ किलो. नियमित सायकल चालवणारा हौशी माणूस तासभर साधारण १५० वॅट ताकद लावू शकतो असं धरलं, तर ८ टक्क्यांच्या चढावर त्याचा वेग ताशी ७ किलोमीटरच्या आसपास येतो. १२ टक्क्यांवर तो ५ वर उतरतो, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. नवख्याची ताकद १०० वॅट धरली तर ८ टक्क्यांवरच ही वेळ येते.

यात कमीपणा काही नाही, हे साधं गणित आहे. ४०० वॅट लावणारा व्यावसायिक शर्यतपटू त्याच चढावर ताशी २० किलोमीटरने जातो. शर्यतीच्या धर्तीवर बांधलेल्या सायकलींचे गिअर त्याच्या वेगाला धरून ठरलेले असतात. तिप्पट कमी वेगाने चढणाऱ्याच्या हाती तीच सायकल आली की पेडल फिरतच नाही आणि माणूस स्वतःला दोष देतो.

गिअर : सगळा खेळ इथे आहे

पाय मिनिटाला किती वेळा फिरतात यावर सगळं अवलंबून असतं. चढावर साधारण ६० ते ८० फेरे असले की पाय आणि श्वास दोन्ही टिकतात. ५० च्या खाली गेलं की प्रत्येक फेऱ्याला मांडीवर जोर येतो, ४० च्या खाली गुडघे बोलायला लागतात. वरच्याच स्वाराचा, १५० वॅटचा, हिशेब खाली मांडला आहे. पुढच्या चकतीचे दात आधी, मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे नंतर. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला आहे.

| पुढे / मागे | एका फेऱ्यात अंतर | ८% चढावर फेरे | १२% चढावर फेरे |
|---|---|---|---|
| ४४ / १८ (बिनगिअरची) | ५.१ मी. | २३ | १६ |
| ३४ / २८ | २.६ मी. | ४६ | ३३ |
| ३४ / ३४ | २.१ मी. | ५६ | ४० |
| ३० / ३४ | १.९ मी. | ६३ | ४५ |
| २२ / ३४ | १.४ मी. | ८६ | ६१ |

दुसऱ्या आणि शेवटच्या ओळीतला फरक पाहा. माणूस तोच, चढ तोच, वेगही तोच. पण ४६ फेऱ्यांना पेडलवर सरासरी सुमारे १९ किलोचा दाब द्यावा लागतो आणि ८६ फेऱ्यांना १० किलोचा. ताकद दोन्हीकडे १५० वॅटच लागते, फक्त ती गुडघ्यातून ओरबाडून काढायची की फुप्फुसांकडून सावकाश मागायची, एवढं गिअर ठरवतो. फुप्फुसं दोन मिनिटं थांबलं की पुन्हा तयार होतात, भरून आलेल्या मांड्या त्या दिवशी तरी परत येत नाहीत.

सोपा गिअर लावणं म्हणजे कच्चेपणा, असं समजणारे अजून भेटतात. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १९१० साली तूर द फ्रान्स ही शर्यत २,११५ मीटर उंचीच्या तूरमाले खिंडीतून पहिल्यांदा गेली. तेव्हा चालता चालता गिअर बदलण्याची सोय नव्हती. ऑक्ताव लापीझ हा फ्रेंच स्वार माथ्यावर पहिला पोहोचला, पण वाटेत काही ठिकाणी उतरून त्याला सायकल ढकलावी लागली. त्याच वर्षी ती शर्यत त्यानेच जिंकली. त्या काळात स्वार चढाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढत, उलटं बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चकतीवर चेन चढवत. डिरेलर, म्हणजे चालता चालता चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी यंत्रणा, वापरायची मुभा या शर्यतीत १९३७ साली मिळाली. म्हणजे जगातले उत्तम स्वारसुद्धा सोप्या गिअरसाठी चाक उलटं करायला तयार होते. आज स्पेनमधल्या आंग्लिरूसारख्या चढावर, जिथे सरासरी १० टक्क्यांच्या आसपास असली तरी एका टप्प्यात चढ २३.५ टक्क्यांवर जातो, तिथे व्यावसायिकही सोपे गिअर लावूनच येतात.

बदल करताना काय पाहायचं? सर्वांत सोपा बदल म्हणजे मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच. त्यातली सर्वांत मोठी चकती २८ ऐवजी ३२ किंवा ३४ दातांची घ्यायची. मात्र मागचा डिरेलर किती मोठी चकती झेपवतो, याला मर्यादा असते. ती ओलांडली तर लांब पिंजऱ्याचा डिरेलर घ्यावा लागतो, आणि चेनही बहुधा लांब लागते. पुढची चकती लहान करायची तर क्रँकवरच्या, म्हणजे पेडल जोडलेल्या दांड्यावरच्या, ज्या बोल्टांनी ती चकती बसवलेली असते त्यांचं वर्तुळ मोजा. ते १३० मिलिमीटरचं असेल तर ३८ दातांच्या खाली जाता येत नाही, ११० चं असेल तर ३४ पर्यंत उतरता येतं. त्याहून खाली, म्हणजे ३० दातांपर्यंत जायचं तर पूर्ण क्रँकच बदलावा लागतो. हे मोजमाप न करता नुसती कॅसेट आणणाऱ्यांचे पैसे दोनदा जातात.

तोटाही आहे. कॅसेट जितकी पसरट, तितका दोन चकत्यांमधल्या दातांचा फरक मोठा. सपाटीवर घोळक्यात जाताना हवा तो नेमका गिअर सापडत नाही, एक जड वाटतो आणि दुसरा हलका. वेगाने सपाटी कापणाऱ्याला हे टोचतं. घाटरस्त्यावर जाणाऱ्याला ही किंमत फार वाटू नये.

हलकी सायकल : सांगतात तेवढा फरक पडत नाही

१२ किलोची सायकल सोडून ९ किलोची घेतली. ३ किलो म्हणजे सायकलच्या वजनाचा पाव भाग, ऐकायला खूप वाटतं. पण चढावर सायकल एकटी चढत नाही. ८७ किलोतले ३ किलो म्हणजे साडेतीन टक्क्यांहूनही थोडं कमी. तासाभराच्या चढात वाचतात जेमतेम दोन मिनिटं. पेडलवरच्या दाबातला फरक पायाला कळतही नाही. वरच्या तक्त्यात एक ओळ खाली सरकल्याने जे होतं, ते तीन किलो कमी करून होत नाही.

शर्यतीत दोन मिनिटं म्हणजे सगळं काही असतं. म्हणूनच सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने शर्यतीच्या सायकलीसाठी ६.८ किलोची किमान मर्यादा घातली आहे. पण आपण दोन मिनिटांसाठी चढतो आहोत का, हे स्वतःला विचारावं.

यातला एक सापळा मला फार उशिरा कळला. हलक्या सायकली बऱ्याचदा शर्यतीसाठी बांधलेल्या असतात, त्यामुळे त्यांचे गिअर जड असतात. मी जुनी जड सायकल विकून हलकी घेतली, तेव्हा विक्रेत्याने वजन करून दाखवलं, गिअरबद्दल एक शब्दही काढला नाही. नव्या सायकलीवर तोच चढ मी आधीपेक्षा जास्त त्रासाने चढू लागलो आणि दोन महिन्यांत उजवा गुडघा दुखायला लागला. पुढे कॅसेट बदलली, तेव्हा कुठे दुखणं थांबलं.

हलक्या सायकलचे खरे फायदे वेगळे आहेत. उभं राहून जोर लावला की ती चटकन पुढे जाते, जिने चढवून वर न्यायला सोपी पडते, आणि चालवायचा आनंद नक्कीच वाढतो. त्यासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्यावी. दम लागतो म्हणून मात्र घेऊ नये. वजनच कमी करायचं तर आधी पिशवीतलं काढा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वाटेत पाणी मिळणार असेल तर दोन बाटल्या भरून चढायची गरज नाही.

मोटरची सायकल : कुणासाठी उत्तम, कुणासाठी ओझं

हिला पळवाट समजणाऱ्यांशी माझं पटत नाही. पेडल मारल्यावरच मदत करणाऱ्या सायकलीवर घाम येतो, श्वास वाढतो, फक्त चढ आवाक्यात येतो. युरोपात नियमाने मोटर २५० वॅटची असते आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच साथ देते. चढावर तेवढंही पुष्कळ होतं. तुमच्या १५० वॅटला तिचे २५० मिळाले की ८ टक्क्यांवर ७ ऐवजी ताशी १५ किलोमीटरचा वेग मिळतो. ज्याला चढापलीकडच्या कामावर न थकता पोहोचायचं आहे, ज्याचे गुडघे किंवा हृदय जोर सोसत नाही, ज्याच्या मागे मूल किंवा सामान आहे, किंवा ज्याला जास्त ताकदीच्या जोडीदाराबरोबर फिरायचं आहे, त्याने गिअर आणि वजनाच्या हिशेबात अडकू नये. त्याचं उत्तर हेच.

घेताना मोटर कुठे बसवली आहे ते आधी पाहा. चाकाच्या हबमधली, म्हणजे मधल्या तुंब्यातली मोटर चाकाच्या गतीला बांधलेली असते. लांब, तीव्र चढावर चाक हळू फिरतं, मग मोटर अकार्यक्षम होते आणि तापते. क्रँकजवळची मोटर सायकलच्याच गिअरमधून ताकद देते, त्यामुळे सोप्या गिअरवर तिलाही चढ सोपा जातो. तिच्या ताकदीमुळे चेन आणि कॅसेट लवकर झिजतात, पण खऱ्या चढासाठी मी तिचीच शिफारस करेन. छोटे चढ आणि बाकी सपाटी असेल तर हब मोटर पुरते.

बॅटरीचा अंदाजही करता येतो. स्वारासकट १०० किलो वजन १,००० मीटर उंच न्यायला किमान २७२ वॅट-तास ऊर्जा लागते. त्यातलं निम्मं काम मोटरने केलं तर नासाडी धरून बॅटरीतून १७५ ते १८० वॅट-तास जातात. ५०० वॅट-तासांची बॅटरी अशा वापरात अडीच हजार मीटरच्या आसपास चढ देईल. बहुतेक काम मोटरवर टाकलं तर त्याच्या निम्मा. बॅटरी वाटेत संपली तर मात्र २५ किलोची सायकल पायांवर येते, म्हणून तिलाही सोपा गिअर हवाच. उतारावर हेच वजन ब्रेकवर येतं. तेव्हा डिस्क ब्रेक असलेलीच घ्यावी.

बसून की उभं राहून

याला पैसे पडत नाहीत, म्हणून थोडक्यात. शक्य तितकं बसून चढा, उभं राहिलं की तेवढ्याच वेगाला साधारणपणे जास्त दम खर्च होतो. वळणावरचा तीव्र तुकडा पार करायला किंवा पाठ मोकळी करायला वीस-तीस फेरे उभं राहणं चांगलं. ओल्या रस्त्यावर उभं राहिल्यास मागचं चाक घसरू शकतं. १५ टक्क्यांच्या वर पुढचं चाक उचलायला लागतं, तेव्हा सीटच्या पुढच्या टोकावर सरका आणि कोपर वाकवून छाती खाली आणा. पायथ्याची पहिली पाच मिनिटं फार हळू वाटतील इतक्या सावकाश जा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

खर्च करण्याआधी

नेहमीच्या रस्त्यावरचा सर्वांत तीव्र तुकडा निवडा. रस्त्याच्या सरासरी टक्केवारीवर जाऊ नका. ५ टक्के सरासरीच्या घाटात १४ टक्क्यांचं वळण दडलेलं असू शकतं आणि माणूस तिथेच उतरतो. त्या तुकड्यावर सर्वांत सोप्या गिअरवर, झेपेल त्या जोराने एक मिनिट चढा आणि उजवा पाय किती वेळा खाली गेला ते मोजा. ५० पेक्षा कमी भरले तर गिअर बदला, बाकी कशाला हात लावू नका. ६० च्या वर भरले, श्वासही ताब्यात होता, तरी मन आणखी वेग मागतंय, तर हलक्या सायकलचा विचार करायला हरकत नाही. आणि २२/३४ सारखा गिअर असूनही श्वास ताब्यात राहत नसेल, आणि तो चढ रोज ठरलेल्या वेळेत पार करायचा असेल, तर क्रँकजवळ मोटर असलेली सायकल एखाद्या दिवसासाठी मागून घ्या आणि याच तुकड्यावर चालवून पाहा. एकदा मोटर चालू ठेवून, एकदा बंद करून.