दात जुळतात का? मोडलेल्या जबड्यावरील उपचारांचा अनुभव

गेल्या वर्षी जुलैमध्ये पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर माझी स्कूटर घसरली आणि मी थेट हनुवटीवर आपटलो. डोक्यावर हेल्मेट होते, परंतु ते हनुवटी उघडी ठेवणारे अर्धे हेल्मेट असल्याने डोके वाचले आणि जबडा मोडला. पुढचे सहा महिने पुण्यातील एका खासगी रुग्णालयात ओरल सर्जनकडे, म्हणजे तोंड आणि जबड्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या दंततज्ज्ञाकडे, माझे उपचार चालले. त्या सेवेबद्दलचा हा अभिप्राय आहे. त्यात तक्रारीही असल्यामुळे कोणाचेच नाव लिहिलेले नाही.

अपघातानंतर लगेच मला ज्या दुसऱ्या रुग्णालयात नेले होते, तेथे धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, मेंदूचा सीटी स्कॅन केला, हनुवटीला पाच टाके घातले आणि काळजीचे कारण नाही असे सांगून घरी पाठवले. तो स्कॅन कवटीपुरताच होता; खालचा जबडा त्यात आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहात बुडवलेली खारीसुद्धा चावता येईना. उजव्या दाढा आधी टेकत आणि डावीकडे फट राहत असे, शिवाय खालच्या ओठाची डावी बाजू बधिर झाली होती. आमच्या नेहमीच्या दंतवैद्य बाईंनी जीभ वर करायला सांगितली, जिभेखाली साकळलेले काळेनिळे रक्त पाहिले आणि जबडा मोडला असल्याची दाट शंका व्यक्त करून त्याच दुपारी ओरल सर्जनकडे चिठ्ठी दिली. जे निदान अपघात विभागात व्हायला हवे होते, ते दातांच्या दवाखान्यातील खुर्चीवर दोन मिनिटांत झाले.

जबड्याचे हाड जोडण्यासाठी ‘दाताच्या डॉक्टर’कडे जायचे, हे आमच्या घरातील मंडळींना पटेना. वस्तुस्थिती अशी आहे की, बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर तीन वर्षे मुख आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचे एमडीएस हे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांच्या शिक्षणात चेहऱ्याच्या हाडांचे अस्थिभंग हा मोठाच भाग असतो. मला हे पहिल्याच तपासणीत उमगले. त्या डॉक्टरांनी आधीचे कागद बाजूला ठेवले आणि पहिला प्रश्न विचारला, “काका, दात पूर्वीसारखे जुळतात का?” मग दोन्ही कानांसमोर बोटे ठेवून त्यांनी तोंड उघडायला लावले. हनुवटी उजवीकडे सरकते आहे हे पाहून, डावीकडे सुळ्याजवळ एक आणि उजवीकडे कानासमोरच्या सांध्यापाशी दुसरा असे दोन अस्थिभंग असावेत, असा अंदाज त्यांनी एक्स-रे काढण्याआधीच सांगितला. बांगडीवर दाब पडला की ती बहुधा एकाच जागी तुटत नाही, तसेच या कमानदार हाडाचे होते, हा त्यांचा खुलासा माझ्या पत्नीलाही लगेच समजला. ओपीजी (दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे) आणि चेहऱ्याच्या सीटी स्कॅनमध्ये नेमके तेच दिसले.

उपचार ठरवताना त्यांनी दोन्ही अस्थिभंगांचा वेगवेगळा विचार केला, आणि या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट मला तीच वाटते. पुढच्या बाजूचे हाड टायटॅनियमच्या प्लेट आणि स्क्रू लावून जोडायचे होते. सांध्याजवळचा तुकडा मात्र फारसा सरकलेला नव्हता. तेथे बाहेरून छेद घेतल्यास चेहऱ्याच्या हालचाली सांभाळणाऱ्या मज्जातंतूला इजा होण्याची शक्यता असते, म्हणून ती बाजू न उघडता, वरचे आणि खालचे दात एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या रबरांच्या साहाय्याने सांभाळावी, असा त्यांचा सल्ला होता. काही सर्जन अशा वेळी शस्त्रक्रियेला पसंती देतात, हेही त्यांनी स्वतःहून सांगितले आणि दुसरे मत घ्यायचे असल्यास सीटी स्कॅनची सीडी बरोबर देऊ केली. मोठ्या बिलाचा मार्ग समोर असताना लहान मार्ग सुचवणारा डॉक्टर भेटणे, ही आजकाल नोंद करण्यासारखी बाब आहे.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन झाली. श्वासाची नळी तोंडाऐवजी नाकातून घातली होती, कारण शस्त्रक्रिया चालू असताना वरचे आणि खालचे दात एकमेकांवर बसवून पाहावे लागतात. आधी दोन्ही दंतपंक्तींना धातूच्या पट्ट्या तारांनी बांधून दात जुळवले गेले आणि त्यानंतरच हाडावर प्लेट बसवल्या. छेद ओठाच्या आतून घेतल्यामुळे चेहऱ्यावर पहिल्या पाच टाक्यांखेरीज एकही व्रण नाही. प्लेट दोन का, असे मी नंतर विचारले, तेव्हा जबड्याच्या पुढच्या भागावर पीळ पडतो आणि एकटी प्लेट तो पेलण्यास अपुरी ठरते, असे उत्तर मिळाले. स्ट्रासबूर्गच्या मॅक्सीम शांपी या सर्जननी १९७०च्या दशकात जबड्यावर ताण कोठे आणि कसा पडतो हे तपासून लहान प्लेट कोठे लावाव्यात याच्या रेषा आखून दिल्या, आणि त्या आजही पाळल्या जातात. त्यापूर्वी माझ्यासारख्या रुग्णाचे तोंड साधारण सहा आठवडे तारांनी बंद राहिले असते. मला दोन आठवडे रबरे लावावी लागली, आणि तेवढेही मला पुष्कळ झाले.

त्या दोन आठवड्यांबद्दल मात्र रुग्णालयाला फारसे गुण देता येत नाहीत. घरी सोडताना हातात दिलेला आहाराचा कागद इंग्रजीत होता आणि त्यात ब्रोकोलीचे सूप सुचवले होते. नाचणीची आंबील, मुगाचे कढण, गाळलेली पेज आणि ताक यांवर मी निभावले, ते पत्नीच्या हुशारीमुळे. उलटी झाल्यास रबरे ताबडतोब कशी कापायची, ही अत्यंत महत्त्वाची सूचना परिचारिकेने उभ्याउभ्या सांगितली. ती त्या कागदावर मोठ्या अक्षरात हवी होती. दर भेटीला बाह्यरुग्ण विभागात दीड-दोन तास बसावे लागे, आणि ज्याला बोलताच येत नाही अशा रुग्णाला नाव पुकारल्यावर “आलो” म्हणण्याची सोय नसते, हे तेथे कोणाच्या लक्षात आलेले दिसले नाही.

पैशांचा व्यवहारही तितकासा स्वच्छ नव्हता. शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या अंदाजपत्रकात प्लेट आणि स्क्रूंची किंमत धरलेली नव्हती, हे अंतिम बिल हातात पडल्यावर कळले. विमा कंपनीने तर हे दंतोपचार आहेत आणि दंतोपचार विम्यात बसत नाहीत, असे सांगून दावा अडवला. माझ्या पॉलिसीत अपघातामुळे रुग्णालयात दाखल होऊन घ्यावे लागलेले दंतोपचार त्या अपवादातून वगळलेले आहेत. सर्जननी अस्थिभंगाच्या जागा, अपघाताची तारीख आणि शस्त्रक्रियेचे स्वरूप लिहून पत्र दिल्यावर रक्कम मंजूर झाली. ते पत्र त्यांनी मागितल्या दिवशीच दिले. बिलिंग विभागाची तत्परता याच्या निम्मी असती तरी हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

रबरे निघाल्यानंतरचा व्यायाम कंटाळवाणा, परंतु अनिवार्य होता. सांध्याजवळ मार बसलेला जबडा हलवला नाही, तर तो आखडू शकतो. म्हणून आइसक्रीमच्या चपट्या काड्यांची चळत दातांमध्ये धरून, दर काही दिवसांनी एकेक काडी वाढवत तोंड उघडायचे असे. प्रत्येक भेटीत डॉक्टर स्वतः पट्टीने मोजत. तिसऱ्या आठवड्यात १९ मिलिमीटर असलेले अंतर तिसऱ्या महिन्यात ३८ मिलिमीटर झाले. आरशासमोर हनुवटी सरळ रेषेत ठेवून तोंड उघडण्याचा सराव त्यांनी आग्रहाने करून घेतला. धातूच्या पट्ट्या काढताना फक्त जागेवरची भूल दिली होती आणि तो अर्धा तास मला संपूर्ण शस्त्रक्रियेपेक्षा जड गेला, हे येऊ घातलेल्या रुग्णांनी जाणून असावे.

सहाव्या महिन्यातील शेवटच्या भेटीत त्यांनी एक्स-रे पाहिला, पण त्याआधी दातांमध्ये निळा कागद ठेवून चावायला सांगितले आणि दोन्ही बाजूंच्या दाढांवर सारखे ठिपके उमटल्याची खात्री करून घेतली. प्लेट त्रास देत नसल्यास त्या काढण्याची गरज नाही. खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात चवलीएवढी जागा अजून बधिर आहे, त्यामुळे चहाचा पहिला घोट मी उजवीकडून घेतो. नवे हेल्मेट हनुवटी झाकणारे आहे.