हाडांच्या वॉर्डातली सिस्टर मोकळ्या खेळाच्या मैदानावर

आधी माझी ओळख सांगते, म्हणजे माझं बोलणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. हाडांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून मी एकतीस वर्षं काढली. झोक्यावरून, शिडीवरून, पलंगावरून पडलेली पोरं रोजचीच. पडताना हात टेकला आणि कोपराच्या वरचं हाड मोडलं, असं पोर आलं की आम्ही पहिल्यांदा मनगटाची नाडी बघायचो, बोटं गार पडलीत का बघायचो. रडणं थांबवायचं नंतर. अशा बाईला पाच वर्षांचा नातू तिच्या डोक्याच्या वर चढत असताना "आजी, तुम्ही फक्त बसा" म्हणून सांगितलं, तर तिचं काय होत असेल?

लेकीला शनिवारी कामावर जावं लागतं, म्हणून मोकळ्या खेळाच्या सत्राला, म्हणजे मुलं आपल्या मनाने खेळतात आणि मोठे मध्ये पडत नाहीत अशा ठिकाणी, नातवाला मी नेते. आठ महिने झाले, दर शनिवारी तीन तास.

पहिल्या दिवशी मला वाटलं, भंगारवाल्याच्या अंगणात शिरलो. टायर, फळ्या, दोरखंड, ताडपत्र्या, प्लास्टिकचे क्रेट, अर्धे कापलेले पाईप, ओंडके आणि भरपूर चिखल. घसरगुंडी नाही, रंगीत काही नाही. सत्र चालवणाऱ्या ताईंना मी तसं बोलूनही दाखवलं. त्या हसल्या. म्हणाल्या, याची सुरुवात खरंच भंगारापासून झाली. कार्ल थिओडोर सोरेन्सन नावाचे डॅनिश उद्यानरचनाकार होते. आपण आखलेली मैदानं सोडून मुलं बाकी सगळीकडे खेळतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मग १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात त्यांच्या कल्पनेतून भंगाराचं मैदान उभं राहिलं. असल्या हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या सामानाला 'सुटे भाग' म्हणायचं, हे सायमन निकोल्सन यांनी १९७१ साली मांडलं.

ऐकून घेतलं. पटलं मात्र नातवाकडे बघून. अर्धा पाईप टायरवर टेकवून तो बादलीने पाणी ओतत होता आणि पाणी परत त्याच्याच पायावर येत होतं, कारण लांबचं टोक वर होतं. चाळीस मिनिटं हेच चाललं. मला इतकं सोपं दिसत होतं की तोंडावर हात ठेवून बसले. शेवटी एक मुलगी आली, तिने न बोलता पाईपच्या त्याच्याकडच्या टोकाखाली एक वीट सरकवली, मग दुसरी. पाणी धावलं. आभार वगैरे काही नाही, "आता तुझ्याकडून" एवढंच तो म्हणाला आणि बादली तिच्या हातात दिली.

या जागेची खरी कसोटी मोठ्यांची आहे. "सावकाश", "पडशील", "शाब्बास" हे तिन्ही शब्द बंद. पहिले दोन समजले, "शाब्बास" का बंद हे अजून मला नीट पटलेलं नाही. चढणाऱ्या मुलाला विचारायचंच असेल तर "पुढचा पाय कुठे ठेवणार?" एवढंच विचारायचं. आणि मूल स्वतः चढू शकत नसेल, तर उचलून वर ठेवायचं नाही. यामागे एमी पिकलर या हंगेरीतल्या बालरोगतज्ज्ञ आहेत. १९४६ साली बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावर त्यांनी बालकांचं निवासी गृह सुरू केलं. तिथे बाळाला स्वतःहून बसता येत नसेल तर बसवायचं नाही, उभं करायचं नाही. ज्याचं त्याला जमलं की जमलं. मी लेकीला चौथ्या महिन्यात उशा लावून बसवत होते आणि कौतुकाने शेजाऱ्यांना दाखवत होते. असो.

नियमातलं शहाणपण मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. नातू झाडाच्या बेचक्याखाली उभा राहून "आजी, वर ठेव" म्हणून रडत होता. ठेवलं नाही. चार आठवडे तो तेवढ्याच उंचीपर्यंत जाऊन खाली यायचा. पाचव्या आठवड्यात बेचक्यात पोचला आणि उतरला तो पाठ वळवून, एकेक पाय चाचपत. वर जाताना चाचपलेली वाट पायाला माहीत होती. उचलून ठेवलेली किती पोरं उतरताना पडून आमच्याकडे आली, ते मला विचारा.

सुरक्षिततेत हे लोक ढिले नाहीत. सत्राआधी दोघंजण मैदान फिरून काच, गांधीलमाशांचं पोळं, वर अडकलेली वाळकी फांदी बघतात. मुलाला दिसत नाही तो धोका मोठ्यांनी काढायचा; मुलाला दिसते ती जोखीम मुलाची. झाडाखालचा भुसा मी स्वतः हाताने दाबून पाहिला. तुडवून घट्ट झालेला भुसा पडणाऱ्याला झेलत नाही, पण इथे तो उकरून सैल केलेला होता. करवत वापरताना हातमोजा लाकूड धरणाऱ्या हाताला, करवतीच्या हाताला नाही, म्हणजे पकड सुटत नाही. हे बघून माझं मत बरंच बदललं.

आता तक्रारी. एलन सँडसेटर या नॉर्वेच्या अभ्यासक बाईंनी २००७ साली जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार सांगितले: उंची, वेग, धारदार हत्यारं, पाणी-आगीसारख्या गोष्टी, दंगामस्ती आणि मोठ्यांच्या नजरेआड होणं. हा तक्ता इथे दोरीला टांगलेला आहे. पैकी पाच मिळतात. सहावा नावालाच, कारण मूल झुडपाआड गेलं की दहा पावलांवर एक दादा हजर.

दुसरं, मदतनिसांची पाठ केलेली भाषा. दोन पोरं बादलीवरून एकमेकांचे केस ओढत असताना "मला दिसतंय की तुला खूप राग आलाय" हे त्याच सुरात चारदा ऐकलं. मुलालाही ते दिसत होतं! आदराने बोलायचं म्हणजे माणसासारखं बोलायचं ना? त्याच जागी ताई स्वतः गेल्या, मध्ये बसल्या, केसांतला हात हळूच सोडवला, काहीच बोलल्या नाहीत. पोरं दोन मिनिटांत बादली विसरली.

तिसरं, फोन. मोठ्यांनी बोलायचं नाही, पण चित्रीकरण चालतं. मूल फांदीवर असताना खालून "इकडे बघ" म्हणणाऱ्या बापाला कुणी टोकलं नाही. मी टोकलं.

चौथं, स्वच्छतागृह लांब आहे. पाच वर्षांच्या मुलाला तेवढा वेळ नसतो. माझ्या गुडघ्यांनाही ते अंतर झेपत नाही.

आणि प्रथमोपचाराची पेटी. सवयीने उघडली. चिकटपट्टीचा डिंक वितळलेला, जंतुनाशकाची मुदत संपलेली, झोळीसाठी तिकोनी पट्टी नाही, हाताला आधार द्यायला फळी नाही. यादी लिहून दिली. पुढच्या शनिवारी बाकी सगळं आलं, तिकोनी पट्टी दोन महिने झाले तरी नाही. तोवर माझी जुनी सुती ओढणी पिशवीत असते.

पाचपैकी चार तारे. पट्टी आली की अर्धा वाढवेन. जाणार असाल तर मुलाचे दोन जोड कपडे घ्या आणि स्वतःसाठी हातांना काही काम घ्या. मी विणकाम नेते. नातू वर असताना घातलेले टाके घरी येऊन उसवावे लागतात.