फोटोत थ्रीडी घर बसवायचंय: फोटोशॉपमध्ये हाताने की सगळं ब्लेंडरमध्ये?

रिकाम्या प्लॉटचा फोटो आहे, बंगल्याचं मॉडेल तयार आहे आणि मालकाला दाखवायचंय की गेटपाशी उभं राहिल्यावर घर कसं दिसेल. यासाठी सरळ दोन रस्ते आहेत. एक, मॉडेल पारदर्शक बॅकग्राउंडवर रेंडर करायचं म्हणजे त्याचं चित्र बनवायचं, पीएनजी काढायची आणि फोटोशॉप, गिंप नाहीतर फोटोपीमध्ये नेऊन सावली, रंग, गवत सगळं हाताने बसवायचं. दुसरा, फोटोच ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये न्यायचा, कॅमेरा जुळवायचा, जमिनीला शॅडो कॅचर करायचं (म्हणजे जमीन न दिसता तिच्यावरची सावली तेवढी येते) आणि उजेडसुद्धा तिथेच उभा करायचा.

मी कोकणातल्या घरांची अशी कामं करतो आणि मला कायम विचारलं जातं की यातलं कुठलं शिकू. माझं उत्तर असं की सॉफ्टवेअर नंतर, आधी फोटो कुठून येणारे ते बघा. साइटवर जाऊन फोटो स्वतः काढणार असाल तर डोळे झाकून ब्लेंडर. मालकाच्या भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला एकच फोटो हातात असेल तर बहुतेक वेळा हाताचं कामच बरं पडतं, कारण ब्लेंडरला जी माहिती लागते ती त्या फोटोत उरलेलीच नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की एक्झिफ (फाइलमध्ये कॅमेऱ्याने केलेली नोंद) निघून जातं, म्हणजे लेन्स किती मिलीमीटरची, फोटो किती वाजता काढला, काहीच कळत नाही, वर फोटो दाबून बारीक झालेला असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मात्र मूळ फाइल जशीच्या तशी येते.

कॅमेरा जुळवणं

ब्लेंडरच्या रस्त्यावर इथे एफस्पाय नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, फुकट आहे. फोटोत एकमेकांना काटकोनात असलेल्या समांतर रेषांच्या दोन जोड्या दाखवल्या की तो कॅमेऱ्याची जागा आणि फोकल लेंथ काढून देतो. भिंती, फरशी, खिडक्या असलेल्या फोटोत पाच मिनिटांचं काम. पण रिकाम्या प्लॉटवर गवत आणि दोन काजूची झाडं, रेषा आणायच्या कुठून? यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे आखणी झाल्यावर फोटो काढायचा. गवंड्याने पायासाठी दोरी लावून चुना मारलेला असतो, त्या पांढऱ्या रेषा काटकोनात असतात आणि त्यांची मापं प्लॅनवर लिहिलेली असतात, म्हणजे कॅमेरा तर जुळतोच, शिवाय घर नक्की किती मोठं दिसायला हवं हेही त्यातच मिळतं. आखणी व्हायची असेल तर चार खुंट्या ठोकून दोरी बांधा, पण कोपरा तीन-चार-पाचने (बाजू तीन आणि चार फूट, तर कर्ण पाच फूट) तपासून घ्या. आणि फोटो आधी क्रॉप करू नका, क्रॉप केला की चित्राचा मध्य सरकतो आणि हिशोब चुकतो.

हाताच्या रस्त्यावर हे सगळं नजरेने करावं लागतं, पण एक चाचणी कायम उपयोगी पडते. जमीन सपाट असेल आणि फोटो उभं राहून काढलेला असेल, समजा कॅमेरा पाच फुटांवर होता, तर क्षितिजाची रेषा त्या जमिनीवरच्या प्रत्येक वस्तूला पाच फुटांवरच कापते, जवळची असो की लांबची. शेजारच्या घराचा सात फुटी दरवाजा ती जिथे कापते तिथेच जमिनीच्या पातळीवरचा तुमचा दरवाजाही कापला गेला पाहिजे, दरवाजा जोत्यावर असेल तर जोत्याची उंची धरून. नाही कापला तर घर कितीही सुंदर रेंडर केलेलं असू दे, चिकटवलेलं दिसणारच. उताराच्या प्लॉटवर हे इतकं सोपं नसतं, तिथे माझा ओढा परत ब्लेंडरकडे.

उजेड आणि सावली, खरा फरक इथे आहे

इथे ब्लेंडर इतका पुढे जातो की त्यासाठीच मी तो शिका म्हणतो. सूर्य आपल्याला ठिपका वाटतो पण आकाशात त्याची रुंदी साधारण अर्धा अंश आहे, त्यामुळे सावलीची कड एकसारखी नसते. सावली पाडणारी वस्तू जितकी लांब तितकी कड मऊ, दर मीटरला साधारण ९ मिलीमीटर. म्हणजे खिडकीच्या गजांची भिंतीवरची सावली रेघ मारल्यासारखी आणि दहा मीटरवरून येणाऱ्या छपराच्या कडेची सावली जवळपास ९ सेंटीमीटर विरघळलेली. फोटोशॉपमध्ये आपण एक काळी लेयर घेऊन मल्टिप्लाय करतो (खालचं चित्र गडद करणारा मोड) आणि सगळीकडे सारखाच ब्लर मारतो, तिथेच बघणाऱ्याला काहीतरी खटकतं आणि काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही. ब्लेंडरमध्ये सायकल्स या रेंडर इंजिनवर रेंडर करा, सन लॅम्पचा अँगल अर्धा अंश ठेवा, हे आपोआप होतं.

सूर्य कुठे ठेवायचा हेही अंदाजाने करायची गरज नाही. सन पोझिशन अ‍ॅड-ऑनमध्ये गावाचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि एक्झिफमधली वेळ टाका. फक्त यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) फरक ५.५ टाका, ५ नाही, कारण अर्ध्या तासात सूर्य साडेसात अंश सरकतो आणि तेवढ्याने दुपारची सावली भलतीकडे जाते. उत्तर दिशा फोटोशी जुळली का ते कुंपणाच्या खांबाच्या खऱ्या सावलीवरून तपासा. हाताने काम करणाऱ्यांनीही वेळेचं भान ठेवावं. मे महिन्याच्या मध्यात आपल्याकडे भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा काढलेल्या फोटोत घराच्या डाव्या बाजूला लांबलचक सावली दाखवली तर कोणीही पकडेल.

उरलेल्या उजेडासाठी एचडीआरआय, म्हणजे चहूबाजूंचा उजेड साठवलेला फोटो. पॉली हेवन या वेबसाइटवर फुकट मिळतात, छान असतात, पण त्यातलं आकाश परदेशातल्या माळावरचं असतं आणि तुमचा प्लॉट लाल मातीचा. जमत असेल तर स्वतःचा काढा. चकचकीत स्टीलचा गोळा साइटवर ठेवून कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो काढायचे ही पद्धत ग्राफिक्सचा संशोधक पॉल डेबेवेकने १९९८ मध्ये मांडली आणि आजही ती तितकीच चालते. तेवढा खटाटोप नको असेल तर निदान एक थर्माकोलचा बॉल राखाडी पोस्टर कलरने रंगवून घर येणार त्या जागी ठेवून एक फोटो काढाच. स्प्रे पेंट मारू नका, थर्माकोल विरघळतो. मग ब्लेंडरमध्ये त्याच जागी तसाच राखाडी गोळा ठेवून दोन्ही शेजारी बघायचे. उजेडाची बाजू, सावलीचा रंग, खालून येणारा रंग, तीनही जुळेपर्यंत घराला हातच लावायचा नाही.

खालून येणाऱ्या रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हे मला एका कामात कळलं. सिंधुदुर्गातला प्लॉट, फेब्रुवारीची संध्याकाळ, पांढरं घर. कॅमेरा जुळला होता, सावली जुळली होती, तरी घर तिथलं वाटेना. दोन दिवस रंग खालीवर करत बसलो आणि मग फोटोतलं शेजारचं घर मोठं करून बघितलं. त्याची पांढरी भिंत पांढरी नव्हतीच. वर निळसर, मधे पिवळट, आणि जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत चक्क गुलाबी-लाल. एक तर उन्हातल्या लाल मातीचा आणि चिऱ्याच्या गडग्याचा (कुंपणाच्या भिंतीचा) रंग भिंतीवर उलटत होता, आणि त्यात पावसाळ्यात उडालेल्या चिखलाचे शिंतोडे सुकून बसले होते. मी ब्लेंडरमध्ये जमिनीच्या प्लेनवर त्याच फोटोतली माती लावली, गडगा साध्या ठोकळ्याने उभा केला, आणि भिंतीच्या टेक्स्चरला खाली अगदी पुसट लाल डाग दिले. घर बसलं. हा उलटणारा रंग फोटोशॉपमध्ये सॉफ्ट ब्रशने लावता येतो, मी लावतोही, पण तो व्हरांड्याच्या छताच्या खालच्या बाजूला, खिडकीच्या छज्ज्याखाली, जिन्याच्या पोटात कुठे किती जाईल हे हाताने ठरवणं फार अवघड.

फोटोशॉप कुठे जिंकतं

झाडं आणि गवत. घरासमोर माडाच्या झावळ्या येत असतील तर त्यांचा मास्क (घर कुठे झाकायचं तो आकार) फोटोच्या लाल, हिरव्या किंवा निळ्या चॅनेलवरूनच काढा, ब्लेंडरमध्ये त्याच्या नादी लागू नका. जोत्याच्या कडेला गवताची पाती घरावर आली नाहीत तर घर जमिनीवर ठेवल्यासारखं दिसतं, जमिनीतून आल्यासारखं नाही, आणि ती पाती त्याच फोटोतून उचलून ब्रशने लावणं पंधरा मिनिटांचं काम आहे.

रंग जुळवणीतसुद्धा मी फोटोशॉपच्या बाजूने आहे, कारण ब्लेंडरमध्ये नवख्यांचा इथे हमखास घोळ होतो. ब्लेंडरमध्ये २.८० पासून फिल्मिक आणि ४.० पासून एजीएक्स हा व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रेंडरचे रंग पडद्यासाठी बदलणारी सेटिंग) आपोआप लागलेला असतो. तो रेंडरला चांगला, पण फोटो कॅमेऱ्यातून एकदा तयार होऊन आलेलाच असतो, त्यावर परत तो लागला की फोटो धुतल्यासारखा फिका होतो. म्हणून घर आणि सावली वेगवेगळी काढा आणि मूळ फोटोवर फोटोशॉपमध्ये बसवा, सावलीचा पास मल्टिप्लायने. मग कर्व्ह्जने काळा रंग जुळवायचा. दमट हवेत लांबच्या झाडांखालचा काळा हा खरा काळा नसतोच, राखाडी-निळा असतो, आणि रेंडरमधला काळा कोळशासारखा. शेवटी घराला किंचित ब्लर, फोटोइतकाच ग्रेन (बारीक दाणे).

आता बदलांचा प्रश्न. मालक म्हणतो छप्पर एक फूट वर घ्या, नाहीतर गच्चीच्या जागी कौलं करा, आणि हे तीनदा होतं. ब्लेंडरमध्ये मॉडेल बदलून परत रेंडर, मास्क आणि गवत तसंच राहतं. हाताने केलेलं असेल तर सावली पहिल्यापासून. एकाच फोटोचं एकदाच काम असेल तर फोटोशॉपवाला ब्लेंडरवाल्याच्या आधी घरी जातो, त्याच घराचे चार कोन हवे असतील तर उलटं. कॉम्प्युटर जुना असेल, ग्राफिक्स कार्ड नसेल तर सायकल्स रात्रभर चालू ठेवायची तयारी हवी.

एआयची टूल्स आहेत आणि आकाश बदलायला, नको असलेली वायर काढायला मी ती आनंदाने वापरतो. पण अख्खं घर त्याच्या हवाली करून मिसळून दे म्हटलं तर एआय अख्खं घर नव्याने रंगवतं, आणि तुम्ही दिलेल्या चार खिडक्यांच्या तीन होतात, रेलिंगचं डिझाइन बदलतं. मालकाला जे बांधून मिळणारे तेच चित्रात दिसलं पाहिजे, यावर मी अजिबात तडजोड करत नाही. विक्रीच्या प्रोजेक्टचं चित्र असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये जाहिरातीतल्या खोट्या माहितीची जबाबदारी बिल्डरवर टाकलेली आहे, तेव्हा तिथे तर हे आणखीच जपायला हवं.

तर स्वतः साइटवर जाता येत असेल तर ब्लेंडर आणि शेवटचा हात फोटोशॉपचा. जाता येत नसेल तर हार मानायच्या आधी मालकाला हा मेसेज पाठवून बघा, मला यामुळे निम्म्या वेळा कामाचा फोटो मिळालाय:

"दादा, आखणी झाली की सकाळी नऊच्या सुमारास किंवा संध्याकाळी चारनंतर फोटो काढा. झूम करू नका, वाइडवर पण नको, साधा एक एक्सवर. चुन्याच्या रेषा आणि शेजारचं घर दोन्ही येऊ दे. एका फोटोत कोणालातरी मागच्या कोपऱ्यावर उभं करा आणि त्यांची उंची मला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको."